तुम्ही विचारलंत म्हणून: आधी कुठल्या कॉटकडे?

वॉर्डात पोस्टिंगला येणाऱ्या जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग शिकणाऱ्या मुली दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हमखास विचारतात. पेशंट घरी न्यायला आलेले नातेवाईकही विचारतात, फक्त त्यांच्या आवाजात थोडी कीव असते. "तीस पेशंट आणि तुम्ही दोघी. आधी कुणाकडे जायचं हे ठरवता तरी कसं?"

कागदावर जनरल वॉर्डला सहा पेशंटांमागे एक सिस्टर असं गणित आहे. ते आम्ही परीक्षेत लिहितो आणि वॉर्डात विसरतो. त्यावर बोलायला बसले तर हा लेख तिथंच संपेल, म्हणून पुढे जाते.

मुलींना पुस्तकातलं उत्तर पाठ असतं: आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण. चूक काहीच नाही त्यात. पण ज्याचा श्वास अडकलाय तो शिपायालाही कळतो. खरी पंचाईत असते ती तिसांपैकी सत्तावीस जण 'बरे' दिसत असताना. त्यांच्यातला संध्याकाळपर्यंत कोण बिघडणार?

मी सांगलीची, म्हणून मला हे पुराच्या भाषेत सांगता येतं. पावसाळ्यात इथं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती, हे कुणी नुसतं "आयर्विनला किती फूट?" विचारून थांबत नाही. लगेच दुसरा प्रश्न येतो, "चढतंय का उतरतंय?" ४५ फुटांना धोका, हे पोराटोरांना पाठ. पण ४६ वरून उतरणारं पाणी आणि ४१ वरून तासातासाला चढणारं पाणी, यात सामान माळ्यावर कधी टाकायचं हे २०१९ नंतर कुणाला शिकवावं लागत नाही. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पेशंटचंही तेच. मिनिटाला बावीस श्वास हा आकडा एकटा काही बोलत नाही. सकाळी सोळा होते, दुपारी एकोणीस आणि आता बावीस, असं असेल तर मी हातातलं काम ठेवून तिकडे जाते. म्हणून हँडओव्हर घेताना मी कॉटशी उभी राहून घेते, टेबलाशी बसून नाही, आणि जाणाऱ्या सिस्टरला एकच गोष्ट खोदून विचारते: सकाळपेक्षा कसा आहे?

श्वास पूर्ण मिनिट मोजावा लागतो. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणाऱ्या मुली मला लगेच ओळखू येतात. त्यांच्या चार्टवर सगळ्या वॉर्डाचे श्वास वीस असतात.

वेळेचं म्हणाल तर घड्याळ सगळ्या औषधांना सारखं लागू नाही. व्हिटॅमिनची गोळी तासभर उशिरा गेली तर आकाश कोसळत नाही. जेवणाआधीचं इन्सुलिन मात्र घड्याळ बघून नाही, जेवणाची ट्रॉली बघून द्यायचं. इन्सुलिन वेळेवर आणि ट्रॉली लिफ्टमध्ये अडकलेली, असं झालं की साखर उतरते, पेशंट घामाघूम होतो आणि सगळा वॉर्ड मग त्या एका कॉटभोवती. आणि रक्त चढवताना पहिली पंधरा मिनिटं मी तिथून हलत नाही. रिअ‍ॅक्शन यायची असेल तर बऱ्याचदा तेव्हाच येते. त्या पंधरा मिनिटांत मला कुणी बोलावलं तर मी दुसऱ्याला पाठवते.

आता पाठवण्याचंच सांगते, कारण तिथं मी चुकलेय.

तासगावकडे द्राक्षाच्या फवारण्या सुरू झाल्या की आमच्याकडे औषध पोटात गेलेले पेशंट येतात. असाच एकजण पाच नंबरला होता, तिसरा दिवस. अ‍ॅट्रोपिन हे उतारा म्हणून दिलेलं औषध कमी करत आणलं होतं, सकाळी बायकोशी बोलला, दोन घोट चहा घेतला. संध्याकाळी बारा नंबरचे नातेवाईक सलाईन संपली म्हणून ओरडत होते, नऊला नवीन अ‍ॅडमिशन, आणि मी इंजेक्शनच्या ट्रेवर. मावशींना म्हटलं, "पाच नंबरकडे जरा बघून या."

मावशी आल्या. "झोपलाय निवांत."

मी वीसेक मिनिटांनी पोचले. तो झोपलेला नव्हता. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आणि "मान उचला" म्हटलं तर उशीवरून मान उचलेना. एका श्वासात आकडे म्हणायला लावले, सातवर थांबला. या विषात पहिला भर ओसरल्यावर, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, मानेचे आणि मग श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. अ‍ॅट्रोपिन त्याला पुरं पडत नाही. हे मला माहीत होतं. डॉक्टरांना हाक मारली, नळी टाकली, व्हेंटिलेटर लावला. आठवड्यानं स्वतःच्या पायानं घरी गेला.

मावशींवर तेव्हा मी मनातल्या मनात चिडले होते. रात्री घरी जाताना कळलं, त्यांनी मी सांगितलं तेवढंच केलं. 'बघून या' म्हटलं, त्या बघून आल्या. काय बघायचं ते माझ्या डोक्यात होतं आणि तिथंच राहिलं.

तेव्हापासून माझ्या वॉर्डात 'जरा बघा' हे शब्द बंद आहेत. आता मी म्हणते, "मावशी, पाच नंबरला सांगायचं मान उचला. उचलली तर त्याच्या बायकोसमोर शाबास म्हणा आणि या. नाही उचलली तर तिथूनच मला हाक मारा, मी ट्रे सोडून येते." मावशी हे चोख करतात. युरोबॅगमधली लघवी मोजून सांगणं, कूस बदलायला मदत करणं, लॅबला नमुना पोचवणं, हे त्या माझ्यापेक्षा नीट करतात. पण लघवी कमी झाली म्हणजे काय झालं, हे ठरवणं त्यांच्यावर टाकायचं नाही. विद्यार्थिनींवरही नाही, त्या कितीही हुशार असल्या तरी. आणि सांगून झाल्यावर उलट विचारायचं, "काय करणार आहेस, मला सांग." मुलींना वाटतं बाई संशय घेतात. घेतेच.

एक गोष्ट सहसा कुणी विचारत नाही: एवढं सगळं वर ढकलल्यावर खाली काय राहतं? अकरा नंबरच्या आजींची वेणी राहते. त्या नऊ दिवस पडून होत्या, केसांचा गुंता झालेला. रोज यादीत शेवटी लिहायचे आणि रोज ड्यूटी त्याआधी संपायची. शेवटी परवा त्यांच्या नातीला कंगवा आणि तेलाची बाटली दिली, म्हटलं, "तू घाल." तिनं मोबाईल बाजूला ठेवून तासभर खटपट केली.

आजींनी मागं हात नेऊन वेणी चाचपली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सिस्टर, उद्या तुमालाच सोडाय लागणार ही."