शेजच्या बंडाच्या वाटेवर: स्प्रिंगफील्ड, पेलम, पीटरशम

अमेरिकेत 1786-87 मध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी केलेल्या बंडाची, पश्चिम मॅसॅच्युसेट्समधली ही वाट स्वतःच्या गाडीनेच करा. पेलमच्या पुढे बसच्या भरवशावर राहू नका.

सुरुवात स्प्रिंगफील्ड आर्मरीपासून. प्रवेश मोफत आहे, उघडण्याचे दिवस मात्र आधी बघून घ्या. आत बंदुकाच बंदुका, बंडाची माहिती त्या मानाने थोडी. 25 जानेवारी 1787 ला डॅनियल शेजचे शेतकरी इथल्या शस्त्रागारावर चालून आले. राज्याच्या नागरी फौजेच्या (मिलिशिया) जनरल शेपर्डने तोफा डागल्या, चार माणसं मेली, बाकीचे पांगले. शेज स्वतः स्वातंत्र्ययुद्धातला कॅप्टन. लढलेल्यांचे पगार थकलेले, वर कर भरायचा तो रोख नाण्यांत. कर्जापायी जमिनी लिलावात जात होत्या. म्हणून ऑगस्ट 1786 मध्ये नॉर्दॅम्प्टनला त्यांनी कोर्टच बसू दिलं नाही. कोर्ट नाही तर जप्ती नाही, इतका साधा हिशेब!

पुढे 202 नंबरचा रस्ता धरा. त्याचं नावच डॅनियल शेज हायवे. पेलम हे शेजचं गाव. तिथला 1743 चा टाउन हॉल रस्त्यालगतच आहे. उजवीकडच्या झाडीपलीकडे क्वाबिनचा जलाशय. त्यासाठी चार गावं उठवली आणि पाणी गेलं राज्याची राजधानी बॉस्टनला. या मुलखाचं बॉस्टनशी जुनंच वाकडं. जलाशयात पोहायला आणि तिथे कुत्रं न्यायला बंदी आहे. उन्हाळ्यात गवतात शिरणार असाल तर पूर्ण पँट घाला, गोचिडी फार.

122 ने पीटरशमला या. बंड मोडायला निघालेला जनरल बेंजामिन लिंकन फौजेसह रात्रभर बर्फाच्या वादळात चालत आला आणि 4 फेब्रुवारीला सकाळी त्याने बंडखोरांना इथे गाठलं. त्या फौजेचा खर्च बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी खिशातून केला होता, कारण राज्याची तिजोरी रिकामी आणि देशाच्या काँग्रेसला (तेव्हाच्या संसदेला) कर बसवायचा अधिकारच नव्हता. मे महिन्यात देशाची राज्यघटना ठरवायला फिलाडेल्फियात जमलेल्यांच्या मनात ही धास्ती ताजी होती. नव्या राज्यघटनेत बंड मोडायला मिलिशिया बोलावण्याचा अधिकार आला. राज्यांना कागदी चलन काढायलाही बंदी झाली. मला ही बंदी जास्त बोलकी वाटते, कारण कर्जात बुडालेले शेतकरी कागदी चलनच तर मागत होते.

पीटरशममधला स्मृतिफलक थांबून वाचा. ‘कायद्याचं पालन हेच खरं स्वातंत्र्य’ अशा अर्थाचं वाक्य त्यावर कोरलंय. लिहिणारे कोणाच्या बाजूचे, हे वेगळं सांगायला नको.

शेवटची चकमक झाली ते शेफील्ड इथून बरंच पश्चिमेला आहे. तिथला दगड शेताच्या कडेला, अ‍ॅपलाचियन ट्रेल ही लांबलचक पायवाट रस्ता ओलांडते तिथे उभा आहे. बर्कशायरला मुक्काम असेल तरच तिकडे वळा.