एकाच व्हॅलिडेटरच्या दोन सह्या

ग्रँडपाचे फायनॅलिटी पुरावे, म्हणजे ब्लॉक कायमचा पक्का झाल्याचे पुरावे, तपासणारा लाइट क्लायंट (सगळी साखळी न साठवता पुराव्यांवर चालणारा हलका प्रोग्रॅम) सांभाळणं हे माझं काम. पोल्काडॉट या ब्लॉकचेनमध्ये ब्लॉक पक्का झाला की नाही हे ग्रँडपा ही मतदानाची पद्धत ठरवते: व्हॅलिडेटर, म्हणजे ठेव ठेवून ब्लॉक तपासणारे, सही करून मत देतात आणि दोन तृतीयांशांहून जास्त मतं मागे उभी राहिली की तो ब्लॉक पक्का. त्या सह्यांचं गाठोडं म्हणजे पुरावा. क्लायंट ते उलगडतो, सह्या मोजतो आणि पुढे सरकतो.

त्या दिवशी आमच्या टेस्टनेटवर, म्हणजे चाचणीच्या नेटवर्कवर, तो सरकेना. सगळी साखळी साठवणारे पूर्ण नोड बिनधास्त पुढे चाललेले आणि आमच्या लॉगमध्ये एकच रड: मतदार दोनदा आला, पुरावा अमान्य. गाठोडं उलगडलं. मतदार दहा, म्हणजे सात हवेत. पाच जणांचं मत एका ब्लॉकला; त्याला ‘क’ म्हणू. उरलेल्या दोन नावांपुढे मात्र दोन-दोन सह्या. एकाची एक सही ‘क’वर, दुसरी साखळीच्या शेजारच्या फांदीतल्या ‘ख’ या ब्लॉकवर. दुसऱ्यानं तर कमालच केलेली: दोन्ही मतं भलत्याच ब्लॉकना, ‘क’ला एकही नाही. सह्या सगळ्या अस्सल.

“लबाडांना वगळ, पाचच उरतात. क्लायंट बरोबर थांबलाय,” सहकारी म्हणाला.

ऐकायला पटतं. पण ग्रँडपाचा नियम नेमका उलटा आहे. मतदानाच्या एकाच फेरीच्या एकाच टप्प्यात दोन वेगळी मतं देणारा प्रत्येक ब्लॉकच्या बाजूनं मोजायचा. हो, ज्याला त्यानं मत दिलंच नाही त्या ब्लॉकच्याही!

मतं सगळ्यांकडे एकाच क्रमानं पोचत नाहीत, हे त्यामागचं कारण. समजा, सात मतं पाहून एका नोडनं ब्लॉक पक्का केला आणि थोड्या वेळानं त्यातल्याच एकाचं दुसरं मत येऊन धडकलं. वगळायचा नियम असता तर साताचे सहा झाले, पक्का ब्लॉक पुन्हा कच्चा. मग फायनॅलिटी कसली? अशा दुटप्पी मतदाराला सगळीकडे धरलं की नव्या मतानं आकडा वाढेल किंवा आहे तेवढाच राहील, घटणार कधीच नाही.

“मग ‘ख’सुद्धा पक्का होईल की!” हा त्याचा पुढचा प्रश्न रास्त होता. कागदावर मांडलं. दुटप्पी दोघे, शिवाय ज्यांची मतं पुराव्यात नव्हती ते तिघेही ‘ख’कडे गेले असं धरलं, तरी पाचच. एका फेरीत दोन्ही फांद्यांवर सात-सात जमवायचे तर दहापैकी निदान चौघांनी दुटप्पीपणा करायला हवा, आणि तसं झालं तर त्यांच्या सह्याच त्यांना पकडून देतात.

दुरुस्ती छोटी होती, पण तिच्यात एक खोच होती. ‘क’वर सही असेल तर मत तिथंच मोजलं जातं, दुसरी सही आली म्हणून ते दोनदा धरायचं नाही. सही भलतीकडे असेल तर तिला एकटीला काही किंमत नाही. वेगळ्या ब्लॉकवरची दुसरी सही सोबत असली तरच तो मतदार ‘क’च्या बाजूनं धरायचा. म्हणून त्या दुसऱ्या मतदाराच्या दोन्ही सह्या पुराव्यात असणं भागच होतं. तिसरी सही दिसली की पुरावा परत पाठवायचा, असं आम्ही ठरवलं. दुटप्पीपणा दोन सह्यांतच सिद्ध होतो. तिसरी नुसती भरती, आणि प्रत्येक सही तपासायला वेळ लागतो. उगाच फुगवलेले पुरावे पाठवून क्लायंटला दमवायची वाट कोणाला का ठेवा?

बदल चढवला, क्लायंट धावू लागला.

‘लबाड’ मतदार दोघेही एकाच ऑपरेटरचे निघाले. त्यानं राखीव मशीनवर त्याच किल्ल्या (सही करायच्या गुप्त कीज) ठेवल्या होत्या आणि जुनं मशीन बंद न करता नवं सुरू केलं. टेस्टनेटवर निभावलं. पोल्काडॉटच्या सूत्रानं अशा वेळी शंभरात एक सापडला तर ठेवीचा 0.09 टक्के भाग कापला जातो, एकदम दहा सापडले तर प्रत्येकाचा 9 टक्के. हे सांगितल्यावर त्यानं राखीव मशीनवरच्या किल्ल्या तासाभरात पुसल्या.