खिंडीशी अडलेला एआय: अंतराळातला गेम बनवतानाचा माझा अनुभव

'ए-स्टार लाव, काम झालं.' अंतराळातल्या स्ट्रॅटेजी गेमचा एआय लिहायला घेतलात की जो तो हाच सल्ला देतो, आणि या सल्ल्याची चीड माझ्या मनातून अजून गेलेली नाही. ए-स्टार म्हणजे दोन ठिकाणांमधला सर्वांत स्वस्त रस्ता शोधायची पद्धत, आणि रस्ता शोधणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. माझं घोडं अडलं ते रस्ता सापडल्यानंतर.

नोकरी सांभाळून, रात्री जमेल तसं, मी गोडोट या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटा टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीनं चाल खेळायचा, गेम बनवत होतो. 60 तारे, चार साम्राज्यं. पहिल्या आवृत्तीत 1993 च्या मास्टर ऑफ ओरायन या गेमसारखी मोकळीक होती: इंधन पुरेल तिथवर कुठूनही कुठेही सरळ रेषेत जा. त्यात एआयचं बरं चालायचं. जवळचं, कमकुवत लक्ष्य हेरायचं आणि तुटून पडायचं. पण खेळणाऱ्याला त्यात काही राम वाटेना. शत्रू कुठूनही येणार असेल तर पहारा बसवायचा कुठे? मग सगळी जहाजं एका गठ्ठ्यात घेऊन हिंडायचं, आणि ज्याचा गठ्ठा मोठा तो जिंकला. स्टेलारिस या अंतराळातल्या गेममध्येही 2016 साली प्रवासाच्या तीन पद्धती होत्या. फेब्रुवारी 2018 च्या 2.0 आवृत्तीत सुरुवातीला सगळ्यांना फक्त हायपरलेन, म्हणजे ताऱ्यांमधल्या ठरावीक वाटा, एवढंच ठेवलं. पुष्कळ जुने खेळाडू त्यावर नाराज झाले. मला तो निर्णय पूर्ण पटला होता, कारण त्यामुळे नकाशाला भूगोल आला.

माझ्या गेममध्येही तशाच वाटा आखायचं काम पटकन झालं. गोडोटमध्ये डेलोने त्रिकोणीकरण, म्हणजे शेजारचे बिंदू जोडून त्रिकोणांचं जाळं करायची पद्धत, तयार मिळते. त्यातून सगळ्या ताऱ्यांना कमीत कमी लांबीत जोडणारं, कुठेही फेरा नसलेलं 'किमान झाड' काढलं आणि काही कडा, म्हणजे दोन ताऱ्यांमधल्या वाटा, परत घातल्या. कडा परत घालायला विसरू नका. नुसतं झाड ठेवलंत तर मधला प्रत्येक तारा खिंड, म्हणजे पलीकडे जायचा एकमेव दरवाजा, होतो, आणि कुणालाच वळसा घालता येत नाही.

मग भाच्याला खेळायला बसवलं. त्यानं नकाशा बघितला, चित्रा आणि विशाखा यांच्या मधला स्वाती हा एकच तारा धरला आणि सगळा दारूगोळा तिथे नेऊन ठेवला. थोड्याच वेळात म्हणाला, "मामा, तुझा एआय नुसता येतोय आणि मरतोय."

अगदी खरं होतं. 1661 मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज अरुंद वाटेत कोंडली गेली, तशीच माझ्या एआयची गत रोज होत होती. वेगवेगळ्या ताऱ्यांवरून जहाजं निघायची, ए-स्टार प्रत्येकाला बिनचूक सर्वांत जवळचा रस्ता द्यायचा, आणि म्हणूनच ती एकेक करून वेगवेगळ्या वेळी स्वातीवर पोचायची. मोकळ्या नकाशावर हे खपून जात होतं. इथे सगळ्यांचे रस्ते एकाच दारात येतात, त्यामुळे सगळ्यांचा मृत्यूही एकाच दारात.

आधी धोक्याची किंमत वाढवून पाहिली. गोडोटच्या एस्टार2डी या ए-स्टारच्या तयार साधनामध्ये प्रत्येक बिंदूला वजनाचा गुणक देता येतो. शत्रू असलेल्या ताऱ्याचा गुणक 4 केला. (हा गुणक 1 च्या खाली नेऊ नका. अंतराचा अंदाज खऱ्या खर्चापेक्षा जास्त निघतो आणि मिळालेला रस्ता सर्वांत स्वस्त असेलच असं राहत नाही.) ज्यांना वळसा होता त्यांनी वळसा घेतला. पण स्वातीला वळसाच नव्हता. तिथे गुणक 4 काय आणि 40 काय.

म्हणून तुलना घातली: आपलं बळ जास्त असेल तरच पुढे, नाहीतर माघार. इथून पुढे जे सुरू झालं त्यानं माझी झोप उडाली. एआयचा ताफा चित्रावरून स्वातीच्या टप्प्यात यायचा, भाच्याची जहाजं पाहायचा, मागे फिरायचा. मागे गेला की स्वाती सेन्सरच्या बाहेर. सेन्सरच्या बाहेर म्हणजे हिशोबात शत्रूचं बळ शून्य. शून्य म्हटल्यावर पुन्हा चढाई. पुढे, मागे, पुढे, मागे. भाचा तोवर निवांत मागच्या ग्रहांवर कारखाने बांधत होता. शेवटचं दिसलेलं बळ लक्षात ठेवलं आणि ते दर टर्नला थोडं थोडंच पुसलं जाईल असं केलं, तेव्हा ही येरझार थांबली.

येरझार थांबली आणि सगळंच थांबलं. खिंडीच्या अलीकडे एक एआय, पलीकडे दुसरा, दोघांनाही समोरचा जड वाटतोय, दोघंही उभे. चारही साम्राज्यं एआयच्या हाती देऊन रात्रभर गेम चालवला, तर सकाळी सीमा होत्या तिथेच. रस्ते मर्यादित केले की नुसतं 'जावं का' एवढं विचारून भागत नाही. 'कुठे थांबावं, कुणासाठी, किती वेळ' हे एआयला शिकवावं लागतं. ए-स्टारवाल्या सल्लागारांनी हे कधीच सांगितलं नव्हतं.

शेवटी तीन गोष्टींनी गाडं हललं. पहिली, जमण्याचा तळ. खिंडीच्या एक तारा अलीकडे, शत्रूच्या माऱ्याबाहेर, आणि जिथे किमान तीन वाटा मिळतात असा तारा निवडायचा. सर्वांत मंद जहाज तिथे पोचेपर्यंत बाकीच्यांनी हलायचं नाही. दुसरी, निघायचा आणि फिरायचा आकडा वेगळा. बळ शत्रूच्या दीडपट झालं की निघायचं, पण एकदा निघाल्यावर 0.8 च्या खाली गेल्याशिवाय फिरायचं नाही. आणि थांबून थांबून अधीरता वाढेल तसा तो दीडपटीचा आकडा 1.1 पर्यंत उतरत जातो. तिसरी, खिंडीची खरी किंमत. तो तारा नकाशातून काढला तर किती ग्रह तुटतात, ते मोजायचं. ग्राफच्या भाषेत हे कट व्हर्टेक्स. संगणकशास्त्रज्ञ टार्जनच्या पद्धतीनं एका फेरीत सगळे सापडतात, आणि 60 ताऱ्यांना तर एकेक काढून पाहिलं तरी चालतं. पलीकडे दोनच ओसाड ग्रह असतील तर एआय तो नाद सोडून दुसरीकडे वसाहत करतो. हे वागणं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला खरोखर अभिमान वाटला.

हे आधीच सांगायला हवं होतं: एआयच्या मनात काय आहे ते नकाशावर काढा. लक्ष्याकडे बाण, तळावर वर्तुळ, शेजारी बळाचा आकडा. स्वातीवर शून्य लिहिलेलं मला त्या चित्रातच दिसलं. लॉग वाचून ते कधीच कळलं नसतं.

शत्रूचा किल्ला असलेल्या ताऱ्यातून पुढे न जाता, आला त्याच वाटेनं परत जायचं, हा स्टेलारिसमधला नियमही मी उचलला. त्यामुळे भाच्याला खिंडीत किल्ला बांधायला अर्थ उरला. पण एआय आता त्या किल्ल्यावर एकेकटा येत नाही. गेल्या वेळी चित्रावर ताफा जमताना भाच्याला दिसला, तेव्हा त्यानं कारखाने सोडून जहाजं बांधायला घेतली, आणि तरीही स्वाती त्याच्या हातून गेली.