डेबियन की फ्रीबीएसडी : घरच्या दोन संगणकांसाठी केलेली निवड

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अटींत बसत नाही एवढ्याच कारणाने माझा धडधाकट लॅपटॉप भंगारात जावा, हे मला पटेना. त्यावर मुक्त कार्यकारी प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) घालायची हे नक्की होते. डेबियन लिनक्स घ्यायचे की फ्रीबीएसडी, एवढेच ठरायचे होते. फ्रीबीएसडीच्याच कुळातल्या ओपनबीएसडीची सुरक्षेविषयीची शिस्त मला मनापासून आवडते, पण त्यात ब्लूटूथची सोय नाही आणि माझा हेडफोन ब्लूटूथचाच आहे.

लिनक्स म्हणजे खरे तर केवळ कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांना जोडणारा प्रणालीचा गाभा. लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते १९९१ मध्ये सुरू केले. भोवतीची साधने ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प आणि इतर प्रकल्पांतून येतात व डेबियन त्या सगळ्यांची मोट बांधते. बर्कलीच्या विद्यापीठातील युनिक्सचा वारसा सांगणाऱ्या फ्रीबीएसडीत मात्र कर्नल, मूलभूत साधने आणि त्यांची माहितीपाने एकाच प्रकल्पात सांभाळली जातात. वापरताना हा फरक पदोपदी जाणवतो : आपण वरून बसवलेली सॉफ्टवेअर ‘यूएसआर’मधील ‘लोकल’ या फोल्डरात वेगळी राहतात, त्यामुळे मूळ प्रणाली कोणती आणि आपली भर कोणती, हे वर्षभरानंतरही स्पष्ट दिसते.

तरीही लॅपटॉपवर मी डेबियनच घातले. वाय-फाय चिप बनवणाऱ्या कंपन्या ड्रायव्हर बहुधा लिनक्ससाठी आधी देतात आणि फ्रीबीएसडीला ते मागाहून जुळवून घ्यावे लागतात. शिवाय मुक्त नसलेले फर्मवेअर, म्हणजे वाय-फायसारख्या उपकरणांच्या चिपमध्ये चालणारे सॉफ्टवेअर, अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवण्याचा निर्णय डेबियनच्या विकसकांनी २०२२ मध्ये मतदानाने घेतला आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून तो अमलात आला. तत्त्वाला मुरड घालणारा असला तरी हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण नवख्या माणसाचे वाय-फाय पहिल्याच पडद्यावर अडले, तर तो पुढे जातच नाही. मराठीसाठी आयबस या भाषा-टंकनाच्या साधनातून इन्स्क्रिप्ट कळफलक मिळाला. टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकायच्या खिडकीत) जोडाक्षरे अजून फुटतात, ती अडचण दोन्हीकडे सारखीच आहे.

घरातल्या दुसऱ्या, टेबलावरच्या संगणकाला नेटवर्कची केबल आहे, म्हणून तिथे फ्रीबीएसडी आले, आणि तेही मुख्यतः झेडएफएस या फाइलसाठवणीच्या व्यवस्थेसाठी. डेबियनवरही झेडएफएस चालते, पण परवान्यांच्या तिढ्यामुळे ते कर्नलसोबत येत नाही आणि कर्नल बदलला की त्याचे मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा भाग, मूळ कोडमधून पुन्हा तयार (कंपाइल) व्हावे लागते. फ्रीबीएसडीत ते मूळ प्रणालीतच आहे. अपग्रेडपूर्वी मी चालू प्रणालीची एक प्रत, म्हणजे बूट एन्व्हायर्नमेंट, करून ठेवतो. एकदा ग्राफिक्सची जुळणी बिघडून पडदा काळा राहिला, तेव्हा सुरुवातीच्या मेनूतून जुनी प्रत निवडली आणि यंत्र पूर्ववत झाले. घरातील सगळे फोटो त्याच संगणकाच्या, एकमेकींची प्रत ठेवणाऱ्या दोन जोड-डिस्कवर आहेत. महिन्यातून एकदा मी सगळा साठा तपासायला लावतो. तेव्हा प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (माहितीवरून काढलेली पडताळणी संख्या) पडताळला जातो आणि एका डिस्कवरची प्रत बिघडलेली आढळली, तर दुसरीवरून ती दुरुस्त केली जाते.