तर्री कमी, रस्सा जास्त

नागपुरात पोह्याच्या ठेल्यावर प्लेट हातात पडण्याआधी एक प्रश्न येतो, "तर्री किती?" बाहेरगावचा पाहुणा नेमका इथे फसतो. त्याला वाटतं तर्री म्हणजे रस्सा, आणि रस्सा तर हवाच. म्हणून तो ऐटीत "भरपूर" म्हणतो. दुसऱ्या घासाला नाक वाहतं आणि तिसऱ्या घासाला सगळं कुटुंब एकाच पाण्याच्या बाटलीवर तुटून पडतं.

तर्री म्हणजे रस्सा नव्हे. हरभऱ्याच्या पातळ रश्श्यावर जो लालभडक तेलाचा थर तरंगतो, ती तर्री. मिरचीचा रंग आणि जाळ तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. त्यामुळे एकाच भगोन्यात दोन मजले तयार होतात: वर आग, खाली बऱ्यापैकी समजूतदार चण्याचं पाणी. पळी नुसती वरवर फिरली तर प्लेट लाल होते, खोल गेली तर चणे येतात. म्हणून लहान मुलांसाठी "तिखट नको" असं मोघम बोलून उपयोग नाही. "भाऊ, वरची नको, खालचा रस्सा अन् चणे द्या" असं सांगावं. शेजारी उभा असलेला कॉलेजचा पोट्टा "तर्री मार के" म्हणतोय म्हणून आपणही तसं म्हणायची गरज नाही. त्याचा रोजचा सराव आहे. आणि तोंड भाजलंच तर पाण्याने ते विझत नाही, कारण तेच, तेल आणि पाण्याचं जमत नाही. दही, ताक नाहीतर दोन चमचे कोरडे पोहे, हा उपाय.

प्लेटची रचना अशी: खाली हळदीचे वाफाळते जाड पोहे, त्यावर चण्याचा रस्सा, मग चिवडा किंवा शेव, कच्चा कांदा, लिंबू आणि सांबार. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीसोबतच्या वाटीशी तिचा संबंध नाही, हे भाजीबाजारात जाणाऱ्या पाहुण्याने आधीच जाणून घ्यावं. रस्सा पडला की पोहे पाचेक मिनिटांत फुगून लगदा होतात, तेव्हा आधी फोटो मग पोहे हा क्रम इथे महागात पडतो. हॉटेलवर आजीसाठी पार्सल न्यायचं असेल तर पोहे, रस्सा आणि चिवडा तिन्ही वेगळे बांधून घ्यावेत. आणि हा सगळा सकाळचा कारभार आहे. सुट्टी आहे म्हणून दहाला उठणाऱ्यांच्या नशिबी बहुतेक वेळा तळ गाठलेलं भगोनं येतं, आणि तळाशी तर्री नसतेच.

घरी परतल्यावर हा बेत करून पाहणारे पुष्कळ, आणि "तर्रीच आली नाही" म्हणणारेही तेवढेच. चौघांसाठी पाव किलो जाड पोहे आणि एक वाटी काळे हरभरे पुरतात. हरभरे रात्रभर भिजवून कुकरमध्ये मऊ करायचे, पण आख्खे राहिले पाहिजेत. दोन मोठे कांदे, थोडं सुकं खोबरं, आठ-दहा लसूण पाकळ्या आणि बोटभर आलं भाजून बारीक वाटायचं. चुकतं ते पुढे. तेल पाच-सहा मोठे चमचे लागतंच. इथे काटकसर केली तर तरंगणार काय? वाटण कडेने तेल सोडेपर्यंत परतायचं, मग आच मंद करून लाल तिखट घालायचं, कारण कडकडीत तेलात ते करपतं आणि रस्सा काळपट कडू होतो. त्यानंतर चणे आणि उकळतं पाणी. गार पाणी ओतलं की उकळी बसते आणि तेलाला वर यायला वेळ लागतो. पंधरा मिनिटं मंद उकळू द्यायचं, गॅस बंद करून दहा मिनिटं हात लावायचा नाही. तर्री आपणहून वर येते. पळीने ढवळत बसणाऱ्यांना ती दर्शन देत नाही.

कस्तुरचंद पार्कच्या बाजूला पोहे झाले की पुढचं बघणं जवळच आहे. झिरो माईल पायी गाठता येतं, नाहीतर मेट्रोने शेजारचंच स्टेशन. वालुकाश्माचा खांब, चार घोडे आणि 1907 सालचा सर्वेक्षणाचा दगड. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम आहे, पण देशाच्या मध्यावर उभं राहिल्याचं समाधान मुलांना मिळतं, त्यावर भूगोलाचा वाद घालू नये. अजब बंगला, म्हणजे 1863 साली सुरू झालेलं मध्यवर्ती संग्रहालय, याला मात्र निवांत दीड-दोन तास द्यावेत. सोमवारी ते बंद असतं, आणि रविवारला जोडून सुट्टी काढलेली कुटुंबं नेमकी सोमवारी दारात उभी असतात. सीताबर्डीचा किल्ला तर त्याहून हट्टी. 1817 च्या नोव्हेंबरात नागपूरकर भोसले आणि इंग्रज यांची लढाई जिथे झाली तो हा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि सर्वसामान्यांसाठी 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच उघडतो. बाकी वर्षभर तो खालून, बर्डीच्या बाजारातल्या गर्दीतून मान वर करून बघायचा.

दीक्षाभूमीला सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जावं. चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि मार्चनंतरच्या दुपारी तिथल्या फरशीवर म्हाताऱ्या माणसांचे आणि लेकरांचे पाय भाजतात. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, तिथे आज हा स्तूप आहे. पारंपरिक स्तूप आतून भरीव असतात, हा पोकळ आहे. त्याच्या पोटातल्या गोल सभागृहात शिरलं की बाहेरची रहदारी एकदम मागे पडते. इथे घाई करू नये. दसऱ्याच्या आसपास लाखो अनुयायी येतात. दर्शनासाठी येत असाल तर तो सोहळा पाहण्यासारखा आहे, नुसतंच शहर बघायला येणार असाल तर दुसरी तारीख धरा, कारण राहायला खोली मिळणं कठीण.

खोलीचाच विषय निघाला तर डिसेंबरचंही सांगायला हवं. हवा सुंदर, संत्री भरात, आणि नेमकं तेव्हाच विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरवणाऱ्या 1953 च्या नागपूर कराराची ही देणगी. हॉटेलं भरतात, सिव्हिल लाइन्समधले रस्ते मोर्च्यांसाठी अडतात. अधिवेशनाच्या तारखा बघून तिकीट काढावं, किंवा सरळ जानेवारीत यावं. मे महिन्यात येणाऱ्यांना सल्ला एकच: सकाळी दहा ते संध्याकाळी पाच कूलरसमोर बसा.

सावजी जेवणाबद्दल बाहेर एकच गोष्ट माहीत असते, ते म्हणजे तिखट. हे अर्धंच खरं. हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं हे जेवण. त्याची खरी करामत मिरचीत नाही, भाजलेल्या मसाल्यात आहे: धणे, खसखस, दगडफूल, मिरी, लवंग. जुन्या घरांत जवसाचं तेल. चांगल्या सावजी रश्श्याचा रंग लाल नसून काळपटाकडे झुकतो आणि जाळ जिभेवर आधी न लागता घशात मागाहून पोचतो. हा उशीर फसवा आहे. पहिल्या दोन घासांना "एवढं काही नाही" म्हणत पाहुणा रस्सा ओतून घेतो. नुसत्या लाल तिखटाने पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आणणाऱ्या खानावळीवर पाटी "सावजी" असली तरी स्वयंपाक तसा नसतो. पहिल्यांदा एकच प्लेट मटण मागवून सगळ्यांनी चाखावं, भाकरी जास्त घ्याव्यात, लिंबू-कांदा हाताशी ठेवावा. शाकाहारी मंडळींसाठी डाळकांदा आणि पाटोडी रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा, आहे. पाटोड्या वेगळ्या वाटीत मागाव्यात, रश्श्यात बुडून राहिल्या की बेसन रस्सा पिऊन टाकतं आणि वाटीत पिठलं उरतं. आजोबांना वडाभात, म्हणजे डाळीचे वडे कुस्करून घातलेला भात, द्यावा, त्यावरची फोडणी मात्र बेताने. आणि रात्रीच्या गाडीने परत जायचं असेल तर सावजी दुपारीच उरकावं. वरच्या बर्थवरून मध्यरात्री वारंवार उतरणं कुणालाच शोभत नाही.

एक दिवस जास्त असेल तर रामटेक. पन्नासेक किलोमीटर, गडावर राममंदिर, जवळच कालिदासाचं स्मारक. खाण्याची पिशवी उघडी हातात ठेवू नये, तिथली वानरं पाहुण्यांपेक्षा चटपटीत आहेत.

निघताना संत्री. बहार म्हणजे झाडाचा फुलोरा: आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबरात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधल्या काळात मिळालीच तर शीतगृहातली समजावीत. रंगावर जाऊ नये. थंड रात्री मिळाल्याशिवाय साल केशरी होत नाही, त्यामुळे हिरवट झाक असलेलं फळही आत गोड निघतं. फळ हातात घेऊन वजन बघावं. साल ढिली असणं हा नागपुरी संत्र्याचा स्वभावच आहे, पण आकाराने मोठं आणि हाताला हलकं लागलं तर आत फोडी सुकलेल्या असतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामेजतात आणि एकाला बुरशी धरली की शेजारच्यांनाही धरते. कागद घातलेला, हवा खेळणारा खोका बरा. संत्रा बर्फी खव्याची असते, ती घेतली तर शेवटच्या दिवशीच घ्यावी आणि गाडीत खिडकीच्या उन्हात ठेवू नये. बर्फीचा डबा घरी पोचेपर्यंत न उघडता राहील अशी अपेक्षा असेल, तर तो मुलांच्या बर्थखाली ठेवायचा नाही.