तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा वेळ तुला मिळतो कुठून?

नोकरी आहे, घर आहे, लेकीची शाळा आहे, आणि तरी रोज संध्याकाळी तासभर तू निवांत कशी काय असतेस, एवढा वेळ मिळतो कुठून? हे मला इतक्या जणींनी विचारलंय, दर वेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि नंतर वाटत राहतं की नीट सांगितलंच नाही. म्हणून आज सविस्तर.

वेळ मिळत नाही, हे आधी सांगते. मला तरी कधी मिळाला नाही. मी तो तास आधी बाजूला काढते आणि उरलेल्या वेळात काम बसवते. पूर्वी बरोब्बर उलटं करायचे, सगळं आवरलं की मग बसू, आणि सगळं कधी आवरतच नाही.

हे लक्षात आलं ते लेकीमुळे. ती सहा वर्षांची होती, चित्र दाखवायला आली की मी लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणायचे, "पाच मिनिटं हं." एकदा तिने अगदी सरळपणे विचारलं, "आई, तुझी छोटी पाच मिनिटं की मोठी?" ती चिडली नव्हती, तिला फक्त किती थांबायचं ते माहिती करून घ्यायचं होतं. मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी घड्याळ बघायला लागले, तर माझी पाच मिनिटं कधी 25 निघाली, कधी 40. मी खोटं बोलत नव्हते, मला खरंच पाच वाटायची.

याला नाव आहे हे नंतर वाचलं, प्लॅनिंग फॅलसी. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये हे मांडलं. काम किती वेळात होईल याचा अंदाज करताना आपण ते काम सुरळीत पार पडल्याचं चित्र डोळ्यासमोर आणतो, पण तसलंच काम मागच्या वेळी किती वेळात झालं होतं ते बघतच नाही. त्यामुळे मी आता अंदाज करतच नाही, डायरीत मागे जाऊन बघते. मागच्या रिपोर्टला चार तास लागले होते ना, मग याही वेळी चार, दोन नाही.

मग एक आठवडा सगळंच लिहून काढलं. आठवड्याचे 168 तास, त्यातले 49 झोपेचे आणि 50 ऑफिस आणि जाण्यायेण्याचे. झोपेला मी हात लावत नाही, मोठ्या माणसाला सात तास तरी हवेतच, पहाटे चारला उठा म्हणजे वेळ वाचतो हा सल्ला मला अजिबात पटत नाही, तो वेळ झोपेतून काढलेला असतो आणि दुपारी डोकं चालेनासं झालं की व्याजासकट परत द्यावा लागतो. तर उरले 69. आकडा बघून मी चाट पडले, म्हटलं एवढे तास आहेत तर मग जातात कुठे? घरकामात बरेच जातात ते दिसतच होतं, पण बाकीचे तुकड्यातुकड्यात पडलेले, इथे दहा मिनिटं, तिथे पंधरा, आणि प्रत्येक तुकड्यात मी मेल नाहीतर मेसेज उघडलेला. त्यातला एकही तुकडा माझ्या आठवणीत नव्हता.

आणि एक मेल बघायला फक्त एक मिनिट लागतं असं आपल्याला वाटतं, तिथेच आपण फसतो. सोफी लरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं तरी मनाचा एक भाग आधीच्याच कामात अडकून राहतो. म्हणजे मी लेकीशेजारी बसलेली असायचे आणि डोक्यात त्या मेलचं उत्तर चालू. यावर मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट इतकी साधी आहे की सांगितली तर कोणाला खरी वाटत नाही. लॅपटॉप बंद करायच्या आधी एका कागदावर एक ओळ लिहायची, कुठे थांबले आणि उद्या बसल्यावर पहिलं काय करायचं. बस. ती ओळ लिहिली की डोकं ते काम सोडतं, नाही लिहिली तर ते आमच्याबरोबर जेवायला येतं.

साडेसहाला लॅपटॉप बंद म्हणजे बंद हे ठरवल्यावर पहिले दोन आठवडे भीती वाटली, कामं राहतील, बोलणी बसतील. फार काही राहिलं नाही. नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने 1955 मध्येच लिहून ठेवलंय की काम हाताशी असलेल्या वेळाइतकं पसरत जातं, आणि माझ्या बाबतीत ते शब्दशः खरं निघालं, आठपर्यंत चालणारं काम साडेसहाला संपायला लागलं कारण आठ उरलेच नव्हते.

पण याच नियमाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे असं मला वाटतं. वाचवलेला वेळ तसाच मोकळा ठेवला तर कामच तो गिळतं. घरकामाला मदतीला एक ताई यायला लागल्या तेव्हा रोजचा पाऊण तास वाचला, आणि महिनाभराने बघते तर त्या पाऊण तासात मी ऑफिसचंच काम करत होते. काम पटापट उरकायच्या युक्त्या शंभर मिळतील, पण वाचलेला वेळ कोणाचा हे आधी ठरलेलं नसेल तर त्या सगळ्या युक्त्या तुम्हाला अजून कामच आणून देतात, आनंद नाही.

एक चूक मात्र तुम्ही करू नका. मी त्या तासाचंही टाइमटेबल केलं होतं, साडेसहा ते सात चित्रं, सात ते सव्वासात फिरणं, मग वाचन, आणि आठवड्याभरात तो तास ड्युटी वाटायला लागला. गॅब्रिएला टोनिएट्टो आणि सेलिन मालकोक या संशोधिकांचा 2016 चा अभ्यास नेमकं हेच सांगतो, मौजेच्या गोष्टींना नेमकी वेळ ठरवून दिली की त्या कामासारख्या वाटू लागतात, आणि नुसतं ढोबळ ठरवलं तर तसं होत नाही. आता तास ठरलेला आहे, त्यात काय करायचं ते नाही. कधी आम्ही दोघी नुसत्या लोळत असतो.

हे सगळ्यांना जमेल असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे किंवा ज्यांची शिफ्ट दुसरं कोणीतरी ठरवतं त्यांच्या हातात साडेसहा नसतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की रोज जमत नसेल तर आठवड्यातून एकदा, पण तो सलग असू द्या, दहा मिनिटांचे सहा तुकडे म्हणजे एक तास होत नाही.

महिनाअखेरीला माझंही बिनसतं. तेव्हा मी लेकीला आदल्या दिवशीच खरा आकडा सांगते, उद्या वीसच मिनिटं, आणि ती मान डोलावून तिच्या वहीत वीस लिहून ठेवते.