आई-बाबांना घेऊन लॅसनच्या तळ्याकाठी तंबूत

आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आले की आपण त्यांना काय दाखवतो, गोल्डन गेट, एखादं मंदिर, आऊटलेट मॉल, आणि मग उरलेले महिने ते बिचारे घरात बसून टीव्ही बघतात. यावेळी मला त्यांना इथलं जंगल दाखवायचं होतं, तेही गाडीच्या काचेतून नाही तर तिथे मुक्काम करून. दोघंही सत्तरीच्या पुढचे, बाबांचे गुडघे दुखतात, आईला थंडी सोसत नाही. तरी आम्ही लॅसन व्होल्कॅनिक नॅशनल पार्कात मॅन्झनिटा लेकच्या कॅम्पग्राउंडवर तंबूत राहून आलो आणि दोघं जाम खूश आहेत. ज्यांचे आईवडील उन्हाळ्यात यायचेत त्यांनी जरूर विचार करा, म्हणून सविस्तर लिहितेय.

लॅसनच का, तर योसेमिटीला ऑगस्टमध्ये पार्किंगसाठी सुद्धा फिरत बसावं लागतं आणि वयस्कर माणसांना ते झेपत नाही. लॅसन कॅलिफोर्नियात उत्तरेला आहे, आय-५ नं रेडिंगपर्यंत जायचं आणि तिथून हायवे ४४ नं पूर्वेला वर चढायचं, रेडिंगपासून तासभर लागतो. फ्रीमाँटपासून एरवी पाच तासांचा रस्ता, पण आईबाबा असले की चहा, बाथरूम, पाय मोकळे करणं हे सगळं धरून चला.

बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह वर होतं, सहा महिने आधी उघडतं, पॅसिफिक टाइमनं सकाळी सातला. म्हणजे ऑगस्टची जागा हवी तर फेब्रुवारीत बसायचं, आणि आमच्याकडे तेव्हा आईबाबांची विमानाची तिकिटं पण काढलेली नव्हती! मी तरीही जागा घेऊन टाकली कारण वेळेत कॅन्सल केलं तर थोडी फी कापून बाकी पैसे परत येतात, तिकिटाची वाट बघत बसलं तर विकेंडची जागा मिळणं अवघड. साइट निवडताना सगळे तळं किती जवळ आहे ते बघतात, मी बाथरूम किती जवळ आहे ते बघितलं. नकाशावर दिसतं ते. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला अंधारात शंभर पावलं आणि चारशे पावलं यात फार फरक पडतो, आणि तळं कुठूनही चालत जाण्याइतकं जवळच आहे. तिथे भाड्याच्या लाकडी केबिन्सही आहेत, ज्यांना जमिनीवर झोपणं अजिबात शक्य नाही त्यांनी त्या बघाव्यात, फक्त त्यातही वीज आणि नळ नसतो हे घरी आधीच सांगून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, खाणं. इथे काळी अस्वलं आहेत, आणि प्रत्येक साइटवर एक लोखंडी पेटी असते, बेअर लॉकर, वास येणारी प्रत्येक वस्तू त्यात ठेवायची. आता आपल्या मराठी माणसाच्या सामानात वास नसलेली वस्तू कोणती सांगा. मसाल्याचा डबा, हिंग, तूप, लोणचं, भाकरी, लाडू हे तर गेलंच, पण टूथपेस्ट, आईचं खोबरेल तेल, बाबांचा गुडघ्याचा बाम, खोकल्याच्या गोळ्या, पर्समधली बडीशेप, हे सुद्धा. मी तंबूत जायच्या आधी दोघांच्या पर्स आणि खिसे तपासले, आई म्हणाली अगं एक गोळी राहिली तर काय होतंय, पण मी ऐकलं नाही. कारण एकदा का अस्वलाला माणसाच्या खाण्याची चटक लागली की ते परत परत येतं आणि शेवटी त्या अस्वलाचा जीव जातो. हे तिला सांगितल्यावर तीच सगळ्यांच्या मागे लागली, बाबांना म्हणाली तुमचा तो बाम आणा आधी इकडे.

स्वयंपाक दोन बर्नरच्या प्रोपेन शेगडीवर केला. पिठलं, भात, ठेचा, घरून करून आणलेल्या ज्वारीच्या भाकरी, सकाळी पोहे. कांदा-मिरची घरूनच चिरून डब्यात आणा, म्हणजे तिथे कचरा कमी होतो. खरकटं पाणी झाडाखाली ओतायचं नाही, एक शीतही खाली ठेवायचं नाही, कारण अस्वल नाही आलं तरी खारी आणि ‘जे’ नावाचे निळे पक्षी टेबलावर टपलेलेच असतात. लाकडं घरून नेऊ नका, बाहेरच्या लाकडातून किडे इथल्या झाडांना लागतात, कॅम्पग्राउंडच्या दुकानात मोळी मिळते. आणि निघायच्या आधी शेकोटीला परवानगी आहे का ते बघा, कोरड्या दिवसांत बंदी येते आणि ती पाळलीच पाहिजे, २०२१ च्या डिक्सी फायरमध्ये या पार्कचा दोन तृतीयांशापेक्षा जास्त भाग आगीत सापडला होता. जळालेली झाडं अजून रस्त्याच्या कडेला उभी दिसतात, बघून पोटात कालवतं.

रात्रीची तयारी मात्र मनापासून करा. तळं साधारण ५,९०० फुटांवर आहे म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच, दिवसा टी-शर्टवर फिरता येतं आणि पहाटे ऑगस्टमध्येही हुडहुडी भरते. आईबाबांसाठी आम्ही फोल्डिंग खाटा घेतल्या, कारण जमिनीवरून उठताना गुडघ्यावर जोर येतो. पण खाटेखालून गार हवा लागते हे कोणी सांगत नाही, म्हणून खाटेवर फोमची गादी, त्यावर जाड स्लीपिंग बॅग, वर घरची गोधडी. कानटोपी, लोकरीचे मोजे, हॉट वॉटर बॅग. तंबू आत उभं राहता येईल एवढा घ्या, आणि आत एक खुर्ची ठेवा, मोजे-बूट बसून घालता येतात. प्रत्येकाला स्वतःचा हेडलॅम्प, हात मोकळे राहतात. आई सकाळी म्हणाली एवढी शांत झोप तिला फ्रीमाँटच्या घरात पण लागत नाही.

तळं म्हणजे काय सांगू, सकाळी वारा नसताना अख्खा लॅसन पीक, म्हणजे इथला ज्वालामुखीचा डोंगर, पाण्यात दिसतो, बर्फाच्या पट्ट्यांसकट. मोटरबोटींना बंदी आहे त्यामुळे आवाज नाही, भाड्यानं कयाक मिळते. तळ्याभोवतीची वाट जवळपास सपाट आहे, पावणेदोन-दोन मैलांची, बाबांनी काठी घेऊन थांबत थांबत पूर्ण केली. मधे जेफ्री पाइनची झाडं लागतात, खोडाला नाक लावलं की व्हॅनिलासारखा वास येतो, बाबा प्रत्येक झाडापाशी थांबून वास घेत होते आणि मला तेच बघत बसावंसं वाटत होतं.

हे तळं मुळात झालं कसं तर साडेतीनशे वर्षांपूर्वी केऑस क्रॅग्ज नावाच्या सुळक्यांची मोठी दरड कोसळली आणि तिनं ओढा अडवला. तशी दरड पुन्हा येऊ शकते म्हणून १९७४ मध्ये इथलं व्हिजिटर सेंटर बंद केलं होतं. जवळच लूमिस म्युझियम आहे, छोटंसं, दगडी. बी. एफ. लूमिस हा इथलाच फोटोग्राफर, १९१४ च्या जूनमध्ये लॅसनचा उद्रेक होताना त्यानं लागोपाठ फोटो काढले, मोठा स्फोट पुढच्या वर्षी २२ मे १९१५ ला झाला. म्युझियम त्यानं आणि त्याच्या बायकोनं ‘मे’ नावाच्या लेकीच्या स्मरणार्थ बांधलं, ती तरुणपणीच गेली होती. आई तिथे बराच वेळ उभी होती.

परत येताना आल्या रस्त्यानं येऊ नका, पार्कातून आरपार दक्षिणेला उतरा, साधारण तीस मैल आहेत. रस्ता ८,५०० फुटांवर चढतो, बर्फामुळे कधी कधी जुलैपर्यंत बंद असतो, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरच बरा, डासही कमी होतात. लेक हेलनच्या पिकनिक टेबलापाशी आईबाबांना थर्मॉस देऊन बसवलं आणि मी आणि नवरा बम्पस हेलला जाऊन आलो, जाऊन-येऊन तीन मैल. त्यांना नेलं नाही कारण तेवढ्या उंचीवर श्वास लागतो. उकळतं पाणी, वाफ, गंधकाचा वास, आणि लाकडी वाट सोडून एक पाऊलही टाकायचं नाही, केंडल बम्पस नावाच्या माणसाचा पाय १८६५ मध्ये वरचा पातळ थर फुटून आत गेला आणि शेवटी कापावा लागला. आईबाबांना हेच सगळं पुढे सल्फर वर्क्सला बघायला मिळालं, ते अगदी रस्त्याला लागून आहे, गाडीतून उतरून चार पावलं. बाबांना वज्रेश्वरीची कुंडं आठवली, म्हणाले हात घालू का, मी म्हणलं बाबा तुम्ही लांबूनच बघा, हे अंघोळीचं पाणी नाही. तिथून मैलभर खाली व्हिजिटर सेंटर आहे, स्वच्छ बाथरूम आणि खायला मिळतं. मग हायवे ३६ नं रेड ब्लफ आणि पुढे आय-५. हायवे ३६ वळणावळणाचा आहे, ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा आणि आवळा सुपारी हाताशी ठेवा.